माजघरातला हिरवा ठिपका

"दिवा लागलाय म्हणून माणूस घरात असतंच असं नाही गं, रेवती," आत्या म्हणाल्या आणि माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावरच्या एका हिरव्या ठिपक्यावर त्यांनी भाकरीच्या पिठाचं बोट टेकवलं.

"आत्या, स्क्रीनला पीठ लागतंय!"

"लागू दे. पुसता येतं." सासूबाईंना आमच्याकडे आत्याच म्हणतात. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण त्या अजून जायला तयार नव्हत्या. "आमचे अण्णा बार्शीला असताना बाहेर निघाले की रेडिओ चालू ठेवून, ओट्यावरचा बल्ब लावून जायचे. चोराला वाटावं, घरात माणूस आहे."

"मग? चोर आला का कधी?"

"चोर नाही आला. पण एकदा अण्णा आजारी पडले, घरात एकटेच. रेडिओ चालू, बल्ब चालू. शेजारच्या काकींना वाटलं, सगळं ठीक आहे. चोर फसतो ना, तसा शेजारीही फसतो."

"आत्या, हा ठिपका निराळा. इंटरनेटचा आहे तो. माणूस खरंच समोर असल्याशिवाय हिरवा होतच नाही."

"बरं बाई," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी ओढणीच्या टोकानं पीठ पुसलं आणि कामाला लागले. माझी लेक शालू तेव्हा सव्वा वर्षाची होती. ती झोपलेली असायची तेवढाच माझा दिवस.

माझं काम म्हणजे व्हिडिओंखाली मराठी ओळी लिहायच्या. स्वयंपाकाचे व्हिडिओ, कंपन्यांचे प्रशिक्षणाचे, कधी एखादी मालिका. कोण काय बोललं ते लिहायचं आणि कुणी बोलत नसेल तर कंसात आवाज लिहायचा: दार करकरतं, भांडं पडतं, दूर कुत्रं भुंकतं. या कामानं माझ्या मूळच्याच संशयी कानांना आणि डोळ्यांना धार आली होती. शालूनं शर्टाचं बटण गिळलं म्हणून मी एकदा अख्खी सोसायटी गोळा करून दवाखाना गाठला होता. बटण नवऱ्याच्या शर्टालाच होतं, फक्त मी शोधत होते त्याच्या एक घर खाली. तेव्हापासून ते डॉक्टर मला बटणवाल्या ताई म्हणतात. सांगायचा मुद्दा असा की मी काळजी केली की घरातले आधी हसायचे आणि मग विचारायचे, काय झालं.

घरी बसून एकटीनं काम करणं वाटतं तितकं सोपं नसतं. समोर कुणी नसलं की हात आपोआप कपाटं आवरायला लागतात. म्हणून आम्ही काही जणी रोज सकाळी एका ऑनलाइन खोलीत जमायचो. कॅमेरा चालू, आवाज बंद. प्रत्येकीनं आपापलं काम करायचं, पण दुसरी समोर काम करताना दिसते म्हणून आपणही उठायचं नाही. त्या वर्षी ही टूमच निघाली होती. खोलीला 'माजघर' हे नाव मिरजेच्या फरहाना मुजावरनं दिलं. ती लग्नपत्रिकांची डिझाइनं करायची आणि आवाज बंद असला तरी तिचं हसणं दिसायचं. अकराच्या सुमाराला चहाची सुट्टी. तेवढा वेळ आवाज सुरू. मधेच उठून गेलेलीनं त्या सुट्टीत गाणं म्हणायचं, हा दंड.

आणि माजघराची मालकीण, आम्हां सगळ्यांची गुरू, लातूरची नीलाक्षी उबाळे.

नीलाक्षी मिठाईची दुकानं, दवाखाने, शिकवण्या यांच्या जाहिरातींच्या पोस्ट तयार करायची आणि त्या आगाऊ लावून ठेवायची. दिवाळीच्या शुभेच्छा तिच्याकडे गणपतीतच तयार असत. कामाचं मला जे काही येतं ते तिनंच शिकवलेलं: कामांचा फळा कसा लावायचा, निरोप आगाऊ लिहून ठरल्या वेळी कसा पाठवायचा, आपण नसताना उत्तर कसं जाईल.

"आणि उत्तर कोरडं ठेवू नकोस गं," ती म्हणायची. "'मी उपलब्ध नाही' काय? सरकारी ऑफिस आहे का? समोरच्याला वाटलं पाहिजे, बाई हसतेय."

तिच्या एका क्लायंटनं तिच्या कॉम्प्युटरवर नजर ठेवणारं काहीतरी बसवलं होतं. थोडा वेळ माउस हलला नाही की ठिपका पिवळा, आणि ठिपका पिवळा झाला की तिकडून चौकशी. नीलाक्षीनं त्यावर काय करावं? मान हलवणाऱ्या टेबलफॅनला सुतळी बांधली आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला माउस. पंखा इकडे बघायचा, माउस इकडे. पंखा तिकडे, माउस तिकडे. चहाच्या सुट्टीत तिनं कॅमेरा वळवून दाखवलं तेव्हा फरहाना खुर्चीवरून पडायची बाकी होती.

"अगं, लातूर आहे हे," नीलाक्षी म्हणाली. "नळाला पाणी कधी येईल नेम नाही. आलं की हातातलं टाकून पळायचं. क्लायंटला काय सांगू, थांबा, पिंप भरते?"

नवरा तिचा फौजेत, लांब ईशान्येला. सासू गावी थोरल्या मुलाकडे, पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या. तिला सातवा महिना लागला होता. मी तिला रोज सूचना द्यायचे: वर चढू नकोस, वाकू नकोस, ओल्या फरशीवर चप्पल घाल. ती म्हणायची, "हो गं सोलापूरच्या सासूबाई. त्यापेक्षा शेंगाचटणी पाठव."

त्या दिवशी सकाळी तिचा निरोप वेळेवर आला. "शुभ सकाळ माजघर! आज काम फत्ते!" आम्ही जमलो. नीलाक्षीनं पिवळ्या ओढणीचं टोक खांद्यावर टाकत कॅमेऱ्याला हात केला, चहाचा कप उंचावून दाखवला आणि सगळ्या कामाला लागल्या. मीही शिवणयंत्राच्या एका लांबलचक व्हिडिओत शिरले.

चहाच्या सुट्टीला नीलाक्षीचा आवाज सुरू झाला नाही. ती दिसत होती. मान खाली, बोटं चाललेली. मधेच चष्मा वर सारायची, मधेच चहाचा घोट.

"नीला आज डेडलाइनवर दिसतेय," फरहाना म्हणाली. "नीला, अगं ए! बाळाला तरी चहाची सुट्टी दे!"

नीलाक्षीनं वर बघितलं नाही. फरहानानं तिला लिहून विचारलं, तब्येत कशी आहे? लगेच उत्तर आलं: "एकदम मजेत! जरा कामात आहे, सवडीनं बोलू." पुढे हसरा चेहरा. आम्ही आपला चहा घेतला.

दुपारी शालूला भात भरवत होते. ती पाळण्यात बसून एक घास तोंडात, एक पाळण्याच्या दोरीला असा न्याय करत होती. माझा लॅपटॉप समोरच उघडा. सकाळी पाळण्यावर असलेलं ऊन आता पार दारातल्या बादलीपाशी गेलं होतं. सहज पडद्याकडे लक्ष गेलं. नीलाक्षीच्या मागच्या भिंतीवर उन्हाची एक चौकोनी चकती होती. सकाळी ती जिथं होती, तिथंच होती.

मी घास हातात धरून बघत राहिले. नीलाक्षीनं चष्मा वर सारला. चहाचा घोट घेतला. मग मान वळवून खिडकीकडे बघितलं. मग ओढणी सावरली. थोड्या वेळानं पुन्हा चष्मा. घोट. खिडकी. ओढणी. कप टेबलावर ठेवताना तो काठोकाठ भरलेला दिसत होता. पहिल्या घोटालाही भरलेला होता आणि आत्ताच्या घोटालाही भरलेलाच.

तुकडा पुन्हापुन्हा फिरतोय हे ओळखणं हे माझं रोजचं काम. आधी मला हसूच आलं. बया! हिनं स्वतःचंच चित्रण करून आमच्यासमोर लावून ठेवलंय! गाण्याचा दंड चुकवायला? की आतल्या खोलीत मस्त आडवी झाली असेल? आता हिला असं पकडते की जन्मभर आठवण राहील, असं म्हणत मी फोन उचलला.

फोन वाजून वाजून बंद झाला. आणि लगेच निरोप आला: "तुझी आठवण काढतच होते! कामात आहे गं, सवडीनं बोलू." हसरा चेहरा.

पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद. "वा, ऐकून छान वाटलं! कामात आहे, सवडीनं बोलू."

ऐकून? मी काही बोललेच नव्हते.

मी लिहिलं, "नीला, आमच्या घराला आग लागलीय."

क्षणात उत्तर आलं. "अरे वा, मस्तच! अशीच प्रगती होवो! कामात आहे, सवडीनं बोलू."

"कुणाचं गं?" आत्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी ते दोनदा वाचलं. "मैत्रीण आहे का वैरीण?"

"आत्या, ही ती नाहीये," मी म्हणाले. "हे उत्तर आपोआप येतंय. हे चित्रही तिचं सकाळचं आहे. ती सकाळपासून इथं नाहीच."

"मग कुठाय?"

तेच तर कुणाला माहीत नव्हतं.

मी फरहानाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रेवती, पोटुशी बाई आहे. जेवून झोपली असेल. फोन गप्प करून झोपतात माणसं. तू ना, साप साप म्हणून भुई धोपटतेस."

"झोपायला चित्रण कशाला लावेल ती? सकाळी अंघोळीच्या वेळचं ऊन आहे ते. तेव्हापासून झोपलीय?"

"तिचा पत्ता आहे तुझ्याकडे?" फरहानाचा आवाज बदलला होता.

"नाही. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे तिचे तीन ईमेल आहेत."

वर्षभर रोज आम्ही एकमेकींची तोंडं बघत होतो. तिच्या पापडाच्या डब्याला कुठल्या रंगाचं झाकण आहे ते मला ठाऊक होतं. गल्ली ठाऊक नव्हती. नवऱ्याचा नंबर नव्हता. नवऱ्याला, म्हणजे माझ्या, ऑफिसात फोन केला तर तो म्हणाला, "रेवती, बटण तर नाही ना हे?" मी फोन ठेवला. पोलिसांना तरी काय सांगणार, की मैत्रिणीचा चहा संपत नाहीये?

आत्यांनी पदराला हात पुसले. "आडनाव काय म्हणालीस?"

"उबाळे."

"लातूरात उबाळे शंभर असतील. माहेर कुठलं?"

"औसा."

"सासरे काय करायचे?"

"एसटीत कंडक्टर होते. वारले आता. निलंग्याच्या गाडीवर असायचे. नीला सांगायची, ते गाडीत गाणी म्हणायचे, म्हणून लोक आधीची गाडी सोडून त्यांच्या फेरीला थांबायचे."

"झालं की मग," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोन उचलला. "माझ्या धाकट्या बहिणीची नणंद आहे लातूरात. महादेवी."

मी हुश्श करेपर्यंत आत्यांचं सुरू झालं होतं. "महादेवी का? मी बोलतेय, सोलापूरची. हां, बरी आहे. आज भाजी काय केलीस?"

"आत्या!" मी ओरडले.

त्यांनी मला हातानं गप्प केलं. "घेवडा? एवढ्या उशिरा? का गं, आवाज असा का येतोय? दात काढला? बघ, कळवलं नाहीस." मी पाळण्याची दोरी पिरगाळत उभी. शालूलाही काहीतरी चाललंय हे कळलं असावं, ती भात तोंडात धरून बघत होती. "अगं, एक काम होतं. तुमच्या तिथं निलंग्याच्या गाडीवर गाणारे कंडक्टर होते ना, उबाळे?"

फोनमधून आलेला आवाज मला इकडे ऐकू आला. "गाणारे उबाळे? अहो, त्यांच्याच गाडीनं मी माहेरी जायची जी! टाकीच्या मागं घर हाय त्यांचं!"

मी खाली बसले.

आत्यांनी थोडक्यात सांगितलं. सून एकटी, दोन जीवांची, फोन उचलत नाही. महादेवीकाकू म्हणाल्या, "जाते की. एवढा डबा भरते आणि निघते."

"डबा कशाला? आधी जा म्हणा ना आत्या!"

"दोन जीवांच्या बाईकडं रिकाम्या हातानं जातात का?" हे काकू फोनवरून आणि आत्या माझ्या शेजारून, दोघी एकदमच म्हणाल्या.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. फरहाना माजघरात येऊन बसली होती, कॅमेऱ्याला अगदी नाक लावून. बाकीच्याही एकेक करून आल्या. कुणी काम करत नव्हतं. सगळ्या एका चौकोनाकडे बघत होतो आणि त्या चौकोनात नीलाक्षी चष्मा वर सारत होती, घोट घेत होती, खिडकीकडे बघत होती.

आत्यांचा फोन वाजला. त्यांनी आवाज मोठा केला.

"पोचले जी," महादेवीकाकूंना धाप लागली होती. "घर हेच. दाराला आतून कडी. बेल दाबली, कुणी येईना. थांबा, खिडकीतनं बघते." मग काहीतरी सरकवल्याचा आवाज, बहुतेक कुंडी. "टेबल दिसतंय. कॉम्प्युटर. बाई गं!"

"काय झालं?" मी आणि फरहाना दोघी दोन गावांतून किंचाळलो.

"पंखा मान हलवतोय. त्याला सुतळी बांधलीया, सुतळीला कायतरी काळं बांधलंय, ते टेबलावर झोके खातंय! करणी-बिरणी तर नाही ना वो?"

"नाही काकू, ते कामाचं आहे! खुर्चीत कुणी आहे का? पिवळी ओढणी?"

"कुणी न्हाई. खुर्ची रिकामी हाय."

माझ्या पडद्यावर त्याच खुर्चीत बसून नीलाक्षीनं ओढणी सावरली.

फरहानानं तोंडावर हात ठेवला. आत्यांनी शालूला पाळण्यातून उचलून उगाचच उराशी धरलं. मला आठवतं, मी मनातल्या मनात कंसात लिहीत होते: पंख्याची घरघर. लांब रिक्षाचा हॉर्न. काकूंचा श्वास.

आणि मग एक आवाज. टण, टण, टण.

"काकू, ते काय वाजतंय?"

"कुठं?"

"ऐका. धातूवर धातू. लोटी बादलीवर आपटल्यासारखं. मागून येतंय, घराच्या मागून!" तो आवाज मी शेकडो वेळा लिहिला होता.

काकूंच्या चपलांची फटफट सुरू झाली. "सूनबाई! ए उबाळ्यांची सूनबाई! कुठं हायेस गं?"

आणि अगदी बारीक, भिंतीपलीकडून, पण चांगला ठणठणीत आवाज आला, "न्हाणीत! कोण आहे? न्हाणीत आहे मी! कडी अडकलीय!"

माजघरात सगळ्यांचे आवाज एकदमच सुरू झाले. कोण रडत होतं, कोण हसत होतं, काही कळेना. फरहाना दोन्ही करत होती.

पुढचं सगळं आम्ही कानांनीच बघितलं. शेजारच्या एका बाप्याला हाक मारली. मागच्या अंगणाचं दार नुसतंच लोटलेलं होतं. न्हाणीच्या दाराची आतली कडी वाकून बसली होती. कुणी म्हणे सुतार बोलवा, काकू म्हणाल्या, तो येईपर्यंत बाळंतपण व्हायचं. त्यांनी स्वयंपाकघरातून बत्ता आणवला.

"पोरी, मागं सरक. आत पाणी-बिणी हाय का प्यायला?"

"पाणीच पाणी आहे काकू! आजच नळ आलाय! बाहेर पडायचं सोडून आत सगळं आहे!"

दाण, दाण, दाण. मग फळी फाटल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसतं महादेवीकाकूंचं "आगं माझी बाय, आगं माझी बाय" आणि त्यात मिसळलेलं कुणाचंतरी हुंदके देत हसणं.

थोड्या वेळानं माजघरातला तो चौकोन एकदम थरथरला. भरलेला कप गेला, ऊन गेलं, आणि पडद्यावर ओले केस, जुना गाउन आणि हातात डबा घेतलेली नीलाक्षी आली. खरी. घेवड्याच्या भाजीचा मोठा घास तोंडात.

"सकाळपासून पोटात काही नाही," ती म्हणाली. "काकू, मीठ-तिखट अगदी बेतशीर आहे हो."

"बाळ हलतंय का?" मी विचारलं.

"हलतंय? नाचतंय! माझ्यापेक्षा लोटी त्यानंच जास्त वाजवली." मग तिनं फोन हातात घेतला आणि खाली खाली जात वाचायला लागली. "रेवती, अगं, तुमच्या घराला आग लागली होती?" ती थबकली. "आणि मी काय उत्तर दिलं, 'अशीच प्रगती होवो'?"

आम्ही जे हसलो ते हसलो. आत्यांनासुद्धा हसू आवरेना. त्यांच्या कडेवरची शालू सगळे हसताहेत म्हणून टाळ्या वाजवायला लागली.

झालं होतं एवढंच की सकाळी नळ आला. पाणी भरून, अंघोळ उरकून यावं, तेवढ्यापुरतं नीलाक्षीनं आपलं चित्रण लावून दिलं. माउस पंख्याच्या स्वाधीन, फोन टेबलावर, उत्तरं आपोआप. सगळी व्यवस्था चोख. फक्त कडी त्या व्यवस्थेत नव्हती, आणि शेजारी दुपारपर्यंत कामावर, त्यामुळे हाका ऐकायला कुणी नव्हतं.

हसणं ओसरल्यावर तिनं डबा बाजूला ठेवला.

"आतून मला फोन ऐकू येत होता," ती म्हणाली. "वाजायचा तेव्हा वाटायचं, आता कुणाच्या तरी लक्षात येईल. आणि मग टिंग वाजायचं. म्हणजे माझ्या उत्तराचं टिंग. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारत होतं आणि माझाच फोन सगळ्यांना सांगत होता की मी मजेत आहे." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "त्याला खोटं तरी कसं म्हणू? मीच लिहून ठेवलं होतं ना."

आत्या पुढे झाल्या आणि त्यांनी पडद्यावरच्या तिच्या गालाला बोट लावलं. पुन्हा पीठ लागलं. मी पुसलं नाही.

संध्याकाळी त्या भाकरी थापत होत्या, तेव्हा मी शेजारी बसून विचारलं, "आत्या, तुमचे अण्णा... त्या वेळी रेडिओ चालू होता म्हणालात. मग कळलं कसं?"

"दूधवाला आला. भांडं बाहेर नव्हतं. म्हणून त्यानं हाक मारली." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "वाचले अण्णा. पुढं पंधरा वर्षं रेडिओ ऐकला त्यांनी. पण घरात असतानाच."

"आणि तुम्ही फोन केला की आधी भाजी का विचारता? मी तिकडे जीव मुठीत धरून उभी आणि तुमचा घेवडा!"

"अगं, 'बरी आहेस का' विचारलं की सगळ्याच म्हणतात, बरी आहे. ते उत्तर तयारच असतं तोंडात. भाजी विचारली की बाईला विचार करावा लागतो. मग खरा आवाज येतो." त्यांनी भाकरी उलटली. "नाहीतर महादेवीचा दात मला कळला असता का?"

माजघर अजून चालू आहे. दंडाचं गाणं आम्ही काढून टाकलं, कारण ज्याच्या भीतीनं माणूस चित्रण लावून ठेवतं ते गाणं काय कामाचं. आता जिला जायचं ती खुशाल कॅमेऱ्यासमोर "नळ आला" असं ओरडून पळते. आणि सकाळी पहिल्यांदा आवाज सुरू करून हजेरी होते. एकेकीनं सांगायचं, आज भाजी काय. एकदा फरहाना म्हणाली, "काहीच नाही केली," आणि तिच्या आवाजावरून आम्हांला कळलं की तिच्या अम्मीला दवाखान्यात हलवलंय. त्या दिवशी आत्यांची एक मावसबहीण मिरजेत होती हे निघालंच.

नीलाक्षीला मुलगी झाली. बारशाला महादेवीकाकू सोन्याची नाही, पण चांदीची लोटी घेऊन गेल्या, आणि लातूरच्या त्या घराची एक किल्ली तेव्हापासून त्यांच्या कमरेला आहे. मुलगी आता शाळेत जाते. महादेवीकाकूंना आजी म्हणते, आणि सांगते, माझी बत्त्याची गोष्ट सांग.

शालूही मोठी झाली. मी काळजी केली की घरातले अजूनही आधी हसतात. हसू देत.

तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, एकटं राहून काम करणारं. त्याचा ठिपका हिरवा असेल, सकाळचा निरोप वेळेवर येत असेल, उत्तरात हसरा चेहरा असेल. हे वाचून झालं की त्याला फोन लावा. लिहू नका, फोन लावा. बरं आहे का, ते विचारू नका. आज भाजी काय केली, ते विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.